मेंदूचा नकाशा काढायला पैसे कोण देतं?

विज्ञानातलं बरंचसं काम कंटाळवाणं असतं आणि कंटाळवाण्या कामाला पैसे मिळवणं महाकठीण असतं. शोध लागला की बातमी होते, सत्कार होतात. पण तो लागण्याआधी कुणीतरी हजारो काचपट्ट्या तयार केलेल्या असतात, त्यांवरचे डाग मोजलेले असतात, हजारो फायलींना नीट नावं दिलेली असतात. या माणसाचा पगार कुणी द्यायचा? मेंदूच्या बाबतीत या प्रश्नाचं एक मोठं उत्तर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात आहे. अ‍ॅलन इन्स्टिट्यूट फॉर ब्रेन सायन्स असं या संस्थेचं नाव. हे विद्यापीठ नाही, सरकारी खातं नाही आणि औषध कंपनी तर नाहीच. २००३ साली एका माणसाने १० कोटी डॉलर काढून दिले आणि संस्था उभी राहिली.

पॉल अ‍ॅलन हे त्या माणसाचं नाव. १९७५ मध्ये बिल गेट्सबरोबर मायक्रोसॉफ्ट सुरू केली ती यांनीच. पुढे कर्करोगाशी गाठ पडली आणि १९८३ मध्ये ते कंपनीच्या रोजच्या कामातून बाहेर पडले, पण शेअर जवळच ठेवले. त्या शेअरचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. मग अशा माणसाच्या हातून होतं ते सगळं झालं: बास्केटबॉलचा संघ घेतला, अमेरिकन फुटबॉलचा घेतला, अवकाशाला स्पर्श करून येणाऱ्या यानाला पैसे पुरवले. मेंदूची ओढ मात्र जुनी होती. ज्याने उमेदीची वर्षं प्रोग्रामिंगमध्ये घालवली, त्याला समोरचं यंत्र आतून कसं चालतं हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आणि मेंदू हे असं यंत्र आहे की ज्याचा आराखडा कुणाकडेच नाही. अ‍ॅलन यांनी नामवंत शास्त्रज्ञांना बोलावून बैठका घेतल्या. डीएनएची रचना उलगडणारे जेम्स वॉटसन त्यांत होते, मन आणि भाषेवर काम करणारे स्टीव्हन पिंकर होते. सगळ्यांपुढे प्रश्न एकच: पैसा आहे, तर मेंदूसाठी असं काय करावं, ज्याचा उपयोग सगळ्यांनाच होईल?

वेळही जुळून आली होती. मानवी जनुकसंचाचं वाचन २००३ मध्येच पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. जनुकांची यादी हाती आली होती, पण मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात कुठलं जनुक काम करतं हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला एकच जाडजूड पुस्तक वाटलेलं असतं, पण जी ती पेशी आपापली पानं उघडून बसते. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली संदेश वाहून नेणारी पेशी, न्यूरॉनसारखा वागतो आणि यकृताची पेशी यकृतासारखी, ते यामुळेच. तेव्हा ठरलं असं की उंदराचा मेंदू घ्यायचा आणि एकेका जनुकासाठी कुठे कुठे ते पान उघडलेलं आहे याची नोंद करायची. अशी सुमारे २०,००० जनुकं.

हे काम विद्यापीठात का झालं नसतं?

अमेरिकेतलं विद्यापीठीय संशोधन कसं चालतं ते पाहिलं की हे लगेच कळतं. एक प्राध्यापक, त्याच्या हाताखाली पाच-दहा पीएचडीचे विद्यार्थी आणि नवे डॉक्टरेट झालेले संशोधक. पैसा मुख्यतः सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थकडून येतो, तोही साधारण चार-पाच वर्षांपुरता. त्यासाठी अर्ज लिहायचा, त्यात ‘माझी कल्पना अशी अशी आहे आणि ती अशी तपासेन’ हे पटवायचं, मग समितीने गुण द्यायचे. ही पद्धत वाईट नाही, आजवरचे कितीतरी शोध तिनेच दिले आहेत. पण ‘माझी काहीही कल्पना नाही, मला फक्त सगळं मोजायचं आहे’ असा अर्ज या पद्धतीत मार खातो. शिवाय विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचा शोधनिबंध लागतो. जनुक क्रमांक ११,४०० रंगवून झालं, आता ११,४०१, अशा कामावर कुणाला पीएचडी मिळत नाही. औषध कंपनीला एखादं जनुक महत्त्वाचं वाटलं तर ती ते मोजेल, पण निकाल तिजोरीत ठेवेल.

अ‍ॅलन यांच्या संस्थेने ही सगळी घडीच बदलली. पगारी कर्मचारी, ठरलेली कार्यपद्धती, यंत्रमानव, गुणवत्तातपासणी, प्रत्येक टप्प्याला तारीख. प्राध्यापकांना विद्यापीठात मिळते तशी कायमची नोकरी इथे नाही. प्रकल्प संपला की माणसं दुसऱ्या प्रकल्पावर जातात, किंवा संस्था सोडतात. म्हणजे चेहरा प्रयोगशाळेचा, पण शिस्त कारखान्याची. संस्थेच्या सुरुवातीच्या काळात काही शास्त्रज्ञ यावर नाक मुरडत, हे विज्ञान आहे की उत्पादन, असं विचारत. आजही हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही, पण त्याकडे नंतर वळू.

आधी ‘ना-नफा’ ही काय भानगड आहे ते पाहू, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. अमेरिकेच्या करकायद्यात ५०१(क)(३) असं एक कलम आहे आणि अशा संस्था त्याखाली नोंदल्या जातात. ना-नफा म्हणजे शिल्लक राहताच कामा नये असं नाही. शिल्लक राहू शकते, पगारही चांगले असू शकतात, संस्था शुल्क घेऊ शकते. अट एवढीच की संस्थेला मालक नसतो, त्यामुळे उरलेला पैसा कुणाच्या खिशात जाऊ शकत नाही, तो त्याच कामात लावावा लागतो. बदल्यात संस्थेला आयकर माफ, आणि देणगी देणाऱ्याला करात सवलत. ही सवलत विसरू नये. अब्जाधीशाने देणगी दिली की सरकारला त्याच्याकडून मिळणारा कर काही अंशी बुडतो. म्हणजे अशा संस्थेत अमेरिकेच्या सामान्य करदात्याचाही अप्रत्यक्ष वाटा असतो, फक्त पैसा कुठे जावा हे ठरवताना त्याला कुणी विचारत नाही.

उंदराचा मेंदू, २५ मायक्रॉन जाडीने

आता मुळात काम काय होतं ते जरा जवळून पाहू. उंदीर सगळे एकाच वंशाचे, सगळे नर, सगळे ५६ दिवसांचे. एवढा काटेकोरपणा अशासाठी की दोन जनुकांच्या चित्रांत फरक दिसला तर तो जनुकाचाच असावा, उंदराच्या वयाचा किंवा घराण्याचा नव्हे. मेंदू काढून गोठवायचा आणि थंड यंत्रात २५ मायक्रॉन जाडीचे काप करायचे. साध्या कागदाच्या जाडीचा हा साधारण चौथा हिस्सा. असा काप ब्रशने सांभाळून काचपट्टीवर पसरायचा. एखादी सुरकुती पडली तरी नंतर चित्रात नसलेली गोष्ट दिसायला लागते.

जनुक चालू असलं की पेशीत त्याची आरएनए नावाची प्रत तयार होते. या प्रतीला नेमका चिकटेल असा उलटा तुकडा प्रयोगशाळेत बनवता येतो आणि त्या तुकड्याला रंग धरण्याची सोय जोडता येते. काप त्या द्रावणात भिजवला की जिथे जिथे ते जनुक चालू आहे, तिथे गडद निळा-जांभळा डाग उमटतो. जिथे बंद आहे तिथे काहीच नाही. मग सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा प्रत्येक पट्टीचे फोटो काढतो, संगणक ते फोटो एकाच त्रिमितीय मेंदूत बसवतो, आणि पुढचं जनुक घ्यायचं. एखादा विद्यार्थी हाताने हे करायला बसला तर एका जनुकाला कितीतरी दिवस घालवेल. इथे द्रावणं ओतणं, धुणं, फोटो काढणं यंत्रांकडे होतं, त्यामुळे २००६ मध्ये २०,००० जनुकांचा नकाशा पुरा झाला. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर.

हाती काय आलं? मोजलेल्या जनुकांपैकी जवळजवळ ८० टक्के जनुकं मेंदूत कुठे ना कुठे चालू असतात. मेंदू हा अवयव किती जनुकं वापरतो याचा हा अंदाज आधीच्या समजुतींपेक्षा बराच मोठा होता. आणि यापेक्षाही रंजक गोष्ट अशी की बहुतेक जनुकं सगळीकडे पसरलेली नसतात. सुमारे ७० टक्के जनुकं मेंदूतल्या २० टक्क्यांहून कमी पेशींमध्ये दिसली. म्हणजे मेंदूत पेशींचे मूठभर प्रकार नसून प्रचंड विविधता आहे, ही शंका इथे बळकट झाली. ती पुढे १७ वर्षांनी आकड्यात उतरली: २०२३ च्या डिसेंबरमध्ये याच संस्थेतल्या हाँगकुई झेंग यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने उंदराच्या अख्ख्या मेंदूतल्या पेशींची वर्गवारी प्रसिद्ध केली. चाळीस लाखांच्या आसपास पेशी एकेक करून वाचल्या आणि त्यांचे ५,३०० हून जास्त गट निघाले. शाळेच्या पुस्तकात एकच न्यूरॉन काढलेला असतो, शेपटी आणि फांद्यांचा. त्या चित्राचे बिचाऱ्याचे दिवस भरले.

मला या कथेतला सगळ्यात मोठा निर्णय मात्र तांत्रिक वाटत नाही. तो असा होता की माहिती तपासून झाली की लगेच इंटरनेटवर टाकायची. पैसे नाहीत आणि ‘आमचा शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबा’ हेही नाही. संशोधनाच्या जगात हे वागणं वेड्यासारखं होतं, कारण तिथे माहिती हीच पुंजी असते. स्वतः राबून गोळा केलेली आकडेवारी दुसऱ्याने वापरून आपल्या आधी निबंध छापला, ही प्रत्येक संशोधकाची धास्ती. पण ज्या संस्थेला पुढच्या अनुदानासाठी निबंध दाखवायचे नाहीत, तिला ही धास्ती बाळगायचं कारण नाही. देणगीच्या पैशाने मिळतं ते हे. जगाच्या कुठल्याही टोकाला बसलेला विद्यार्थी संकेतस्थळावर जनुकाचं नाव टाकून ते उंदराच्या मेंदूत कुठे आहे ते पाहू शकतो. त्याच्या प्राध्यापकाचे काही महिने वाचतात. अशा वाचलेल्या महिन्यांची बेरीज कुठल्या ताळेबंदात दिसत नाही, पण तीच या संस्थेची खरी कमाई आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरून

उंदरावर केलेलं काम माणसाला लागू पडतंच असं नाही. उंदराच्या मेंदूत साधारण ७ कोटी न्यूरॉन असतात, माणसाच्या मेंदूत ८,६०० कोटी. फरक नुसत्या संख्येचा असता तर प्रश्न नव्हता. पण माणसाचा जिवंत मेंदू तपासायला मिळणार कुठून? मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूत जनुकं मोजता येतात, आणि संस्थेने २०१० पासून तसा मानवी नकाशाही काढला. एकेका मेंदूतून शेकडो ठिकाणचे नमुने घेतले. पण मेलेला न्यूरॉन विजेचा संदेश देत नाही.

यावर तोडगा निघाला तो सिअ‍ॅटलमधल्या रुग्णालयांच्या मदतीने. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात किंवा खोलवरच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत, मूळ जागेपर्यंत पोचण्यासाठी सर्जनला वरच्या थराचा एक लहानसा तुकडा काढावा लागतो, साखरेच्या खड्याएवढा. एरवी तो टाकूनच दिला जातो. रुग्णाने आधी संमती दिली असेल तर संस्थेचा माणूस शस्त्रक्रियागृहातच वाट पाहत उभा असतो. तुकडा हाती येताच तो थंडगार, प्राणवायू सोडलेल्या, मेंदूतल्या द्रवासारख्याच द्रवात जातो आणि गाडीने थेट प्रयोगशाळेत येतो. तिथे त्याचे पातळ काप होतात. हे काप नीट सांभाळले तर काही दिवस जिवंत राहतात.

मग संशोधक काचेची एक नळी घेतो, जिचं टोक मायक्रॉनभर रुंद असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक एका न्यूरॉनच्या भिंतीला टेकवायचं आणि हलकेच ओढ द्यायची, की भिंत नळीला घट्ट चिकटते. आता नळीतून वीज सोडून हा न्यूरॉन कसा उत्तर देतो ते पाहायचं: पटकन उसळतो की थांबून, एकदाच की लागोपाठ. त्याच नळीतून रंग आत सोडून त्याचा आकार टिपायचा आणि शेवटी केंद्रक ओढून घेऊन त्यातली जनुकं वाचायची. एकाच पेशीची वागणूक, आकार आणि जनुकं, तिन्ही एकदम. हात जरा थरथरला की पेशी गेली, आणि माणसाची पेशी म्हणजे दुसरी आणू म्हणून चालत नाही.

यातून दिसलेले फरक औषधांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. २०१९ मध्ये संस्थेने माणूस आणि उंदीर यांच्या मेंदूतले पेशींचे प्रकार समोरासमोर ठेवले. प्रकारांची जोडी बरीच जुळली, पण सेरोटोनिन या रसायनाचे ग्राहक, म्हणजे ते रसायन पकडणारे पेशीवरचे रेणू, दोघांत वेगवेगळ्या पेशींवर बसलेले निघाले. नैराश्यावरची कितीतरी औषधं याच रसायनाच्या वाटेने काम करतात. उंदरात गुण देणारं औषध माणसात का फसतं, याचं निदान एक कारण इथे दिसतं.

अल्झायमरचंही काम याच धाग्यातलं. अ‍ॅलन यांच्या आईला हा आजार होता, त्यामुळे त्यांना तो घरातून माहीत होता. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कैसर परमानेंटे ही आरोग्यसंस्था यांच्याबरोबर अ‍ॅलन संस्थेने ८४ दात्यांचे मेंदू तपासले. त्यांत नुकती कुठे सुरुवात झालेले होते आणि आजार पार विकोपाला गेलेलेही होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून आजाराचे दोन टप्पे पुढे आले. पहिला टप्पा छुपा, वर्षानुवर्षं चालणारा, ज्यात स्मरणशक्ती शाबूत असते पण शेजारच्या न्यूरॉनना आवर घालणाऱ्या पेशींचा एक विशिष्ट प्रकार आधीच कमी व्हायला लागतो. दुसरा टप्पा वेगाने नासधूस करणारा. आजवर सगळं लक्ष संदेश पुढे ढकलणाऱ्या पेशींवर होतं, त्यामुळे पहिला फटका आवर घालणाऱ्यांना बसतो, हे अनेकांना अनपेक्षित होतं.

नकाशाकडून प्रश्नाकडे

२०१२ मध्ये अ‍ॅलन यांनी आणखी ३० कोटी डॉलर जाहीर केले आणि त्यांनी या संस्थेला दिलेली एकूण रक्कम ५० कोटींवर गेली. त्याच्या आदल्या वर्षी क्रिस्टॉफ कॉख हे कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या विद्यापीठातून इथे मुख्य शास्त्रज्ञ म्हणून आले होते. कॉख हे जाणिवेच्या प्रश्नाने झपाटलेले, म्हणजे मेंदूतून ‘मला काहीतरी जाणवतंय’ हा अनुभव कसा उगवतो या प्रश्नाने. १९९८ मध्ये त्यांनी डेव्हिड चाल्मर्स या तत्त्ववेत्त्याशी पैज लावली होती, की २५ वर्षांच्या आत जाणीव निर्माण करणारी मेंदूतली यंत्रणा सापडलेली असेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत ते पैज हरले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी वाइन दिली. दिलदारपणे दिली, म्हणे.

या नव्या पर्वात नुसतं ‘काय कुठे आहे’ एवढ्यावर न थांबता ‘ते काम कसं करतं’ याकडे मोहरा वळला, पण पद्धत तीच कारखान्याची. उंदराला पडद्यावर पट्टे, फोटो, चित्रपटाचा तुकडा दाखवायचा आणि त्याच्या दृष्टीच्या भागातले न्यूरॉन काय करतात ते टिपायचं, दर वेळी अगदी त्याच रीतीने. असे जवळजवळ ६०,००० न्यूरॉन नोंदवले आणि २०२० मध्ये निकाल छापून आले. पाठ्यपुस्तकांतली दृष्टीची प्रारूपं या न्यूरॉनना लावून पाहिली, तर ती नीट लागू पडली ती जेमतेम दहा टक्क्यांना.

हा निकाल जरा थांबून वाचावा असा आहे. याआधीचे संशोधक खोटं बोलत नव्हते. पण एकट्या-दुकट्या प्रयोगशाळेत नळी घेऊन न्यूरॉन शोधणारा माणूस साहजिकच जो न्यूरॉन छान उत्तर देतो त्याच्याजवळ थांबतो, आणि गप्प बसलेल्याला सोडून पुढे जातो. पन्नास वर्षं असं झालं की पुस्तकात फक्त बोलक्यांचं वर्णन उरतं. सगळ्यांना सरसकट मोजलं तेव्हाच गप्प बसणारे मोजणीत आले. ‘फक्त सगळं मोजायचं आहे’ म्हणणाऱ्यांची बाजू इतक्या ठसठशीतपणे क्वचितच सिद्ध झाली असेल.

यासाठी लागणारी हत्यारंही अशाच पैशातून आली. न्यूरोपिक्सेल्स नावाची सिलिकॉनची सुई केसासारखी बारीक असते. तिच्यावर विद्युत नोंद घेणारे ९६० बिंदू असतात आणि त्यांतले ३८४ एकाच वेळी ऐकता येतात. ती बनवण्यात अ‍ॅलन संस्थेबरोबर अमेरिकेतली हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट आणि ब्रिटनमधले वेलकम ट्रस्ट व गॅट्सबी फाउंडेशन होते. सगळे दानधर्माच्या पैशावर चालणारे. आज जगभरातल्या प्रयोगशाळा ती सुई वापरतात.

एक घन मिलिमीटर

वॉटसन यांच्याबरोबर डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्ये लिहिलं होतं की मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्यातली सगळी जोडणी आणि त्यातल्या सगळ्या न्यूरॉनची हालचाल मागण्यात काही अर्थ नाही, ते अशक्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये नेमकं तेच प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे हेच क्रिक पुढे जाणिवेवरच्या कामात कॉख यांचे सहकारी झाले होते.

काम तीन ठिकाणी वाटलं होतं. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये उंदराला चित्रफिती दाखवून हजारो न्यूरॉनची हालचाल टिपली. तोच तुकडा मग सिअ‍ॅटलला आला. तिथे त्याचे २५,००० हून जास्त काप केले, प्रत्येक केसाच्या जाडीच्या शेकडो पट पातळ. हे कापकाम बारा दिवस आणि बारा रात्री सलग चाललं, पाळ्या लावून. यंत्र थांबवायची सोय नव्हती, कारण लागोपाठचे काही काप हातचे गेले तर अलीकडचे आणि पलीकडचे धागे पुन्हा जुळत नाहीत, आणि अख्खा तुकडा फुकट जातो. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांनी कित्येक महिने फोटो काढले. प्रिन्स्टन विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेने त्या फोटोंतून एकेक पेशी वेगळी केली. निघालं ते असं: दोन लाखांहून जास्त पेशी, चार किलोमीटर लांबीचे तंतू, ५२.३ कोटी जोड. वाळूच्या कणाएवढ्या तुकड्यात. माहितीचा आकार १.६ पेटाबाइट, म्हणजे सोळा लाख गिगाबाइट, आणि तीही सर्वांना खुली.

त्यात सापडलेली एक गोष्ट: आवर घालणाऱ्या पेशी समोर दिसेल त्याला गप्प करत नाहीत. कुणाला थांबवायचं आणि कुणाला नाही, हे त्या निवडतात.

या कामाचा पैसा पाहिला तर मात्र चित्र थोडं बदलतं. मोठा वाटा अमेरिकेच्या गुप्तचर विभागांसाठी संशोधन करवून घेणाऱ्या सरकारी संस्थेचा आणि नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा होता. म्हणजे देणगीने संस्था उभी केली, यंत्रं आणि माणसं तयार केली, आणि ती तयार दिसल्यावर सरकारी पैसा आला. एरवी याच्या उलटं ऐकू येतं, की सरकार पाया घालतं आणि खाजगी पैसा कळस चढवतो. युरोपमध्ये सरकारी पैशाने २०१३ मध्ये सुरू झालेल्या ह्यूमन ब्रेन प्रोजेक्टविरुद्ध वर्षभरातच शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं होतं, ते त्याच्या दिशेबद्दल आणि कारभाराबद्दल. तिथे निदान पत्र लिहायला जागा होती. देणगीदाराच्या पैशाबद्दल असं पत्र कुणी कुणाला लिहायचं? उंदरापासून सुरुवात करायची, दृष्टीवर भर द्यायचा, जाणिवेच्या प्रश्नाने पछाडलेल्या माणसाला मुख्य करायचं, हे निर्णय चांगले ठरले असं माझं मत आहे. पण ते चांगले ठरणार याची हमी कुठल्याही यंत्रणेत नव्हती. एका माणसाची रुची सुदैवाने सार्वजनिक हिताच्या दिशेने वळली, इतकंच. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी अ‍ॅलन यांचं निधन झालं. त्यांची बहीण जोडी अ‍ॅलन यांच्या देखरेखीखाली त्यांच्या इस्टेटीचा पाठिंबा सुरू राहिला आणि त्याच्या जोडीला सरकारी अनुदानंही आली. म्हणजे ज्या अर्ज-समितीच्या चाकोरीतून सुटण्यासाठी संस्था निघाली, त्या चाकोरीत ती आता एक पाय ठेवून आहे.

आणि नकाशा म्हणजे समज नव्हे, हा टीकाकारांचा मुद्दा राहतोच. सी. एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत ३०२ न्यूरॉन असतात. त्यांची संपूर्ण जोडणी १९८६ मध्ये छापून आली. आजही तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे नुसत्या जोडणीवरून कुणी खात्रीने सांगू शकत नाही. कारण तारा कुठून कुठे जातात हे कळलं तरी त्यांतून वाहणारी रसायनं कोणत्या जोडाला कधी जोर देतात, हे त्या चित्रात नसतं. अ‍ॅलन यांनाही याची जाण होती. यंत्रं लवकरच माणसाच्या बुद्धीला मागे टाकतील अशी भाकितं रंगात होती, तेव्हा २०११ मध्ये त्यांनी एका सहलेखकाबरोबर लिहिलं की मेंदूत जसजसं खोल जावं तसतशी गुंतागुंत वाढत जाते आणि प्रगतीला आपोआप ब्रेक लागतो. मेंदूसाठी कोट्यवधी डॉलर मोजणाऱ्यानेच हे लिहावं, हे मला आवडतं.

सध्या अडलंय ते एका भलत्याच साध्या ठिकाणी. कृत्रिम बुद्धिमत्तेने वेगळ्या केलेल्या पेशींमध्ये चुका असतात. एका पेशीची फांदी दुसरीला चिकटवलेली, कुठे तंतू मध्येच तोडलेला. या चुका माणसांना पडद्यासमोर बसून एकेक दुरुस्त कराव्या लागतात, आणि त्या एका घन मिलिमीटरमधल्याही फारच थोड्या पेशी अशा पूर्ण तपासून झाल्या आहेत. उंदराचा अख्खा मेंदू त्याच्या साधारण ५०० पट आहे. अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये त्या दिशेने पहिली अनुदानं दिली, आणि त्यातला बराचसा भर काप, फोटो आणि ही दुरुस्ती स्वस्त कशी होईल यावरच आहे.